ग्वानयिन आई जेवेचना

चीनमधल्या च्वानचौच्या जुन्या वेशीजवळ ग्वानयिन आईचं, म्हणजे करुणेच्या देवीचं, एक छोटं बौद्ध देऊळ आहे. समुद्र आता लांब सरकलाय, पण एके काळी खलाशी आईला विचारल्याशिवाय जहाज हाकत नसत. विचारायची रीत आजही तीच आहे: लाकडाच्या दोन चंद्रकोरी जमिनीवर टाकायच्या. एक सपाट वर, एक फुगीर वर, तर हो. दोन्ही फुगीर वर, तर नाही. दोन्ही सपाट वर, तर आई हसतेय.

देवळाच्या समितीचे अध्यक्ष कोए यांना आईला हायवेवरच्या नव्या मोठ्या देवळात न्यायचं होतं. म्हणजे ग्योक आत्याचं घर गेलंच. आत्या केस राखून, लग्न न करता, शाकाहाराचं व्रत घेऊन जन्मभर आईपाशी राहिलेली. नव्या देवळात मुंडन केलेले भिक्षू. तिथं तिला कोण विचारतंय?

म्हणून तिच्या भाच्यानं, बुनसुईनं, सणाच्या आदल्या दिवशी नव्या चंद्रकोरी घडवल्या. सपाट बाजूला शिसं भरलं, वरून लाल रंग फासला. पन्नाशी उलटली तरी गडी असल्या उद्योगांत पटाईत. आईच्या सणाच्या सकाळी त्यानं त्या गुपचूप देवळात ठेवल्या नि खऱ्या बाहीत लपवल्या.

"आई, नव्या घरी येतेस?" कोएंनी विचारलं.

नाही. पुन्हा टाकल्या. नाही.

बुनसुई गालातल्या गालात हसला. आता पानं मांडायची!

पण आईचं जेवण झालं का, हेही कोरीच सांगतात, आणि तिचं झाल्याशिवाय कुणी जेवायचं नसतं. ते हा शहाणा साफ विसरला होता.

"आई, जेवलीस?" आत्यानं विचारलं.

नाही.

सगळे थांबले. परत विचारलं. नाही. उदबत्त्या विझल्या, नैवेद्याच्या शेवया गोळा झाल्या, टोफूचं बनवलेलं बदक सुकलं.

"आई आहे की माझी सासू?" एक बाई पुटपुटली.

कोएंच्या कपाळावर आठी आली. "तिला ही जागाच नकोशी झालीय. आई, इथं राहायचंय तुला?"

नाही.

गर्दी चरकली. आत्या मटकन खाली बसली.

"मी विचारतो!" तो पुढं घुसला.

"तू? तुझं तोंड बघूनच आई नाही म्हणेल!" कोए म्हणाले.

"म्हणू दे की, काका. सवय आहे मला."

वाकून नमस्कार करता करता त्यानं बाहीतल्या खऱ्या कोरी हातात घेतल्या नि शिसं भरलेल्या बाहीत सरकवल्या. आता लबाडी नव्हती.

"आई, इथंच राहतेस ना?"

खट्ट. दोन्ही सपाट वर.

"हसली!" सगळे ओरडले.

"म्हणजे काय समजायचं?" कोए वैतागले.

ग्योक आत्या उठली. "म्हणजे रागावलेली नाही. न रागावता कुणी आपलं घर सोडतं का, अध्यक्षसाहेब? नव्या घरी यायला तर तिनं आधीच नाही म्हटलंय."

कोएंनी तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांचं पोट मोठ्यानं गुरगुरलं. "बरं बाई, राहू दे तिला इथंच. पण आता जेवणाचं विचारा!"

हो!

माणसं पानांवर तुटून पडली. आत्यानं शेवयांचा सगळ्यात गार, सगळ्यात घट्ट गोळा उचलून बुनसुईच्या वाडग्यात टाकला.

"हा का, आत्या?"

"गार कुणामुळे झालं? गिळ मुकाट्यानं."