घटापाशी मांडलेला शब्दकोश

मित्रांनो, मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे. आज मला कुणावर तरी खूप चिडायचंय, पण कुणावर तेच कळत नाही.

छापखान्यातून निघालो तेव्हा माझी काय ऐट होती म्हणता! शेवगावच्या एका मास्तरांनी मला वीस वर्षं वापरलं. ते गेले आणि मी रद्दीत पडलो. तिथून रोहिणीनं मला उचललं. तिचे आईबाप, लंकाबाई आणि गहिनीनाथ, दसरा झाला की ऊसतोडीला जातात. रोहिणी बारावी झालेली. नगरला नर्सिंगची प्रवेश परीक्षा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी होती आणि तिचं गाडं इंग्रजी शब्दांवर अडलं होतं. पास झाली तर वसतिगृह, नाहीतर आईबापाबरोबर फडात ऊस तोडायचा आणि उन्हाळ्यात लग्न. गहिनीनाथनं तसं सरळ सांगून टाकलं होतं.

पोरगी मला घेऊन शेळ्यांमागं जायची. रोज वीस शब्द. 'अबंडंट' म्हणजे मुबलक, तर म्हणायची, आपल्याकडं बाभळी अबंडंट. 'एन्ड्युअर' म्हणजे सोसणं, तिथं पेन्सिलीनं तिनं आईचं नाव लिहिलं. घट बसायच्या आदल्या दिवशी ती 'क्यू'पर्यंत आली होती. 'आर'पासून पुढचं राहिलं होतं.

घटस्थापनेला लंकाबाईनं मला उचललं, हळदीकुंकू वाहिलं आणि घटापाशी मांडलं. माउलीला वाचता येत नाही. लेक पास व्हावी म्हणूनच तिनं नऊ दिवसांचे उपवास धरले होते. रोहिणीनं मला मागितलं तेव्हा ती घाबरलीच.

"देवीपुढचं उचलू न्हाई, बाई. नापास व्हशील," ती म्हणाली.

रोहिणीनं पुन्हा विनवलं. पण आईचं उपाशी तोंड बघून तिचा हात पुढं येईना. घरात मोबाईल एकच, तोही साधा बटणांचा. ती समोर बसून माझ्याकडं नुसती बघत राही. आणि मी! पोटात सगळे शब्द असून माझं तोंड बंद. ओरडावंसं वाटे, अगं घे मला, देवी कशाला रागावेल? रोज घटाच्या मातीवर पाणी शिंपडलं जाई, ते झिरपून माझ्याखाली येई. धान तरारून वर आलं, तशी लंकाबाई हरखली. देवीनं कौल दिला, असं शेजारणींना सांगत सुटली. इकडं माझ्या शेवटच्या पानांचा लगदा होत होता.

दसऱ्याला घट उठले. रोहिणी 'आर'ची पानं सोडवायला गेली आणि ती टराटरा फाटली. ती रडली नाही, फाटके तुकडे जुळवत बसली. लंकाबाईच्या तेव्हा ध्यानात आलं. तिनं सुई घेतली आणि चुलीपाशी बसून एकेक पान सोडवायला लागली. अंधार पडेपर्यंत अकरा सुटली.

दुसऱ्या दिवशी रोहिणी नगरला जाऊन परीक्षा देऊन आली. चार दिवसांनी निकाल लागला. रोहिणी तीन गुणांनी नापास झाली.

त्याच आठवड्यात टोळीचा ट्रॅक्टर दारात आला. भांडी, गोण्या चढल्या. मला वाटलं, आता आपण देव्हाऱ्यात कुलूपबंद. तर लंकाबाईनं मला आणून लेकीच्या मांडीवर ठेवलं.

"पुढच्या साली परत दे परीक्षा. लग्नाचं तुझ्या बापाशी मी भांडते," ती म्हणाली. "मला कळलं न्हाई गं, रोहिणी."

मित्रांनो, पुस्तकाच्या पाया जरूर पडा, पण पडून झालं की लगेच उघडा. हात मळलेले असले तरी चालतील. रोहिणीला माझी सगळ्यात जास्त गरज होती, ते नऊ दिवस मी पूजेत बसून होतो.