चिमूटभर जास्त

मोर्जिनाला लहानपणापासून एक खोड होती. समोर येईल ते चाखून बघायचं. कोंबड्यांचा कोंडासुद्धा तिने एकदा जिभेवर ठेवला होता, आणि ही कीर्ती सासरीही पोचायची ती पोचलीच. सासू जोबेदा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "आमच्या सुनेच्या आधी तिची जीभ घरात शिरते."

मेघना नदीपलीकडच्या हॉस्पिटलातही तेच झालं. दोन वर्षांच्या टुटुलला जुलाब-उलट्यांनी पार पिळून काढलं होतं. तिथल्या नर्स आपाने पुडीतलं मीठ-साखरेचं पाणी कालवलं, तेव्हा मोर्जिनाने आधी स्वतः घोटभर घेतलं. "लेकराच्या औषधावरही डोळा!" जोबेदा सगळ्या वॉर्डासमोर म्हणाली. आपा मात्र हसली. "चाखू दे, आम्मा. डोळ्यांतल्या पाण्याहून खारट लागलं, तर फेकूनच द्यायचं असतं." पण बायका हसायच्या त्या हसल्याच, आणि मोर्जिनाने मनाशी ठरवलं, आता पुडीच्या पाण्याला बोट लावायचं नाही.

टुटुल बरा होऊन घरी आला. जुलाब अजून अधूनमधून व्हायचे, ते होणारच असं आपाने सांगितलं होतं. प्रत्येक जुलाबानंतर पुडीचं पाणी पाजायचं, आणि मऊ भातात उकडलेलं कच्चं केळं कुस्करून भरवायचं. लघवी थांबली, रडताना डोळ्यांत पाणी आलं नाही, तर तसंच उचलून परत आणायचं. हॉस्पिटलात हाच मुलगा वाटी ओढून ओढून प्यायचा. घरी चमचा दिसला की ओठ घट्ट मिटायचा, आणि बळेच पाजलं तर थुंकून टाकायचा.

हे असं का? मोर्जिनाच्या डोक्यात तोच भुंगा. चमच्याचा राग असेल म्हणून तिने वाटी आणली. वाटीलाही नकार. आपा गुणगुणायची ती चाल गुणगुणून पाहिली, तर टुटुलने तोंडच फिरवलं. घसा दुखत असेल म्हणावं, तर ट्यूबवेलचं साधं पाणी तो गटागटा प्यायला.

दुपारी तो रडला, आणि डोळे कोरडेच राहिले. नवरा काशेम दूर चाटगावला बंदरावर कामाला. नदीपलीकडे जाणारी शेवटची होडी तिसऱ्या प्रहरी, असरच्या अजानीनंतर सुटायची. तिने लेकराचे दोन कपडे गाठोड्यात बांधले. बांधता बांधता नजर पुडीच्या पाण्याच्या तांब्याकडे गेली, आणि तिला राहवलं नाही. हसणाऱ्या बायका गेल्या खड्ड्यात! तिने घोट घेतला आणि दारातच थुंकला.

"आम्मा, हे कोणी कालवलं?"

"मी. का? आता माझ्या हातातही खोट काढ."

"खोट नाही काढत. मला एकदा दाखवा ना, कसं करता ते."

"बघा! आता सून शिकवणार मला," असं म्हणत जोबेदा उठली. कामात ती चोख. हात धुतले, अर्धा लिटर उकळलेलं गार पाणी मापून घेतलं, अख्खी पुडी रिकामी केली, ढवळली. मोर्जिना पापणी न हलवता बघत होती. आणि मग जोबेदाचा हात सवयीने मिठाच्या मडक्यात गेला. पहिल्या पेरापर्यंत तीन बोटांची चिमूट, पाठोपाठ मूठभर गूळ.

"आणि हे काय, आम्मा?"

"हे माझं," जोबेदा म्हणाली. "कागदाच्या पुडीचा काय भरवसा! काशेमच्या आधीचा मुलगा याच दुखण्यात गेला. पाणी दे, पाणी दे म्हणत होता, आणि सगळा पाडा म्हणत होता, पाणी पाजू नका. मग गावात खांद्याला पिशवी लावून औषधपाणी शिकवत फिरणारी मुलगी आली. घरोघर बसून तिने पाण्यात मिठाची चिमूट शिकवली, गुळाची मूठ शिकवली. पुढे काशेम आजारी पडला, तो याच चिमटीवर वाचला. ती सोडू होय?"

मोर्जिनाला भडभडून आलं. पण रडायला वेळ नव्हता. "आम्मा, तुमच्या चिमटीत मीठ पुरेपूर आहे, म्हणून तर काशेम वाचला. पुडीतही पुरेपूर आहे. दोन्ही एकाच पाण्यात टाकली, तर लेकराने ते प्यायचं कसं? तुम्हीच चाखा."

"मी नाही तुझ्यासारखी चाटत सुटत."

"चाखा ना, आम्मा."

जोबेदाने घोट घेतला. तोंड वाकडं झालं. तिने तांब्या उचलला आणि सगळं पाणी केळीच्या बुंध्याशी ओतलं. दुसरी पुडी मोर्जिनाने कालवली. जोबेदा शेजारी बसून राहिली, उजव्या हाताची तीन बोटं डाव्या मुठीत आवळून.

मोर्जिनाने पुन्हा घोट घेतला, आणि या वेळी कोणी टोमणा मारला नाही. पहिला चमचा टुटुलने संशयाने घेतला. दुसऱ्याला त्याने आ केला. मग चमचा वाटीत जाऊन येईपर्यंतही त्याला दम निघेना. अजान झाली. गाठोडं दाराशी तसंच होतं, आणि दोघींपैकी कोणी त्याच्याकडे बघत नव्हतं.

"जरा थांबू दे. एकदम पाजलं तर ओकेल," म्हणत मोर्जिनाने वाटी बाजूला ठेवली. टुटुलने आधी वाटीकडे पाहिलं, मग आईकडे, आणि असा भोंगा पसरला की कोंबड्या उडाल्या. त्याच्या गालावरून पाणी ओघळलं.

जोबेदा पुढे वाकली. एका बोटाने तिने त्याच्या गालावरचं पाणी टिपलं आणि जिभेवर ठेवलं.

"हं," ती म्हणाली, "एवढंच मीठ."