खोलातून मारलेली हाक

मी एक कंदील बोलतोय. जत तालुक्यातल्या एका वस्तीवर, विहिरीच्या काठच्या कडुलिंबाला मला टांगून ठेवलंय. येणारे-जाणारे बघतात आणि पुढं जातात. घरोघरी वीज आल्यापासून आमच्या जातीला तसाही मान उरलेला नाही, पण माझं गाऱ्हाणं ते नाही. मला एका माणसाबद्दल सांगायचंय, आणि एका शब्दाबद्दल. तो शब्द या मुलखातला नाही.

पत्र्याचे तुकडे दाबून, डाग देऊन मला कुठल्याशा कारखान्यात बनवलं. जन्माचं मला एवढंच आठवतं. खरी जाण आली ती सांगलीच्या बाजारात. एका उंच, किडकिडीत गृहस्थांनी मला उचललं, कानाजवळ धरून हलवलं, वात वर-खाली केली, आणि दुकानदार कंटाळेपर्यंत घासाघीस केली. ते शांतवन पाळक, चर्चचे धर्मगुरू. ख्रिस्ती मंडळीतले लोक त्यांना पाळकबाबा म्हणायचे.

बाबा निवृत्त झाले, बायको आधीच गेलेली, म्हणून ते जतकडच्या या वस्तीवर येऊन राहिले. दोन खोल्या, थोडी जमीन आणि पुस्तकांची ट्रंक. शेजारी हरणाबाईंचं घर. त्यांची माणसं पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणारी. धाकटा लेक बिरदेव अजून मेंढरांमागं फिरायचा. थोरला अर्जुना मात्र जमिनीत रमला होता. त्यानं आणि त्याच्या बायकोनं, मंगलनं, डाळिंबाची बाग लावली होती. झाडांना नुकती फुलं धरली होती आणि अर्जुना भेटेल त्याला हाताला धरून ती दाखवायला न्यायचा.

संध्याकाळी वीज जायची, नि बाबा मला पेटवायचे. धर्मगुरू घडवणाऱ्या सेमिनरीत ते जुनी इब्री, म्हणजे हिब्रू भाषा शिकले होते. पवित्र शास्त्र त्याच भाषेतून वाचायचा त्यांचा हट्ट. एका शब्दापाशी तर ते महिनोन्‌महिने अडून बसले होते. माझी काच काळी व्हायची, पण त्यांचं लक्ष नसायचं. अशा विसराळू माणसाच्या हाताखाली दिवस काढणं सोपं नसतं.

एकदा हरणाबाई ताक घेऊन आल्या आणि उंबऱ्यातच बसल्या.

"आवं बाबा, काय वाचताय एवढं?"

"एक शब्द आहे, अक्का. मअमक्कीम."

"म्हंजी काय वो?"

"खोल. पण नुसतं खोल नाही. पाणी डोक्यावरून गेलेलं, पाय टेकत नाहीत, असं खोल."

"आमच्यात खोल लय हाय, बाबा. पानीच न्हाई," हरणाबाई म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या.

बाबाही हसले. मग म्हणाले, "तिथून माणूस हाक मारतो. कितीही खोलातून मारली तरी ती देवाला ऐकू जाते. मला त्या शब्दाचा एवढाच अर्थ लागलाय."

"एवढा लागला तरी बास की," हरणाबाई म्हणाल्या, आणि रिकामा तांब्या घेऊन गेल्या.

शहाण्णवच्या उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खाली खाली जाऊ लागलं. काठावरच्या डिझेल इंजिनाला ते ओढवेना. मग आजूबाजूच्या वस्त्यांवर करतात तेच अर्जुनानं केलं. विहिरीत निम्म्याच्याही खाली कपार खोदली, तिच्यावर ओंडके टाकले आणि दोरखंडांनी इंजिन तिथं उतरवलं. इंजिन पाण्याजवळ नेलं की पाणी वर येतं, हे बरोबरच होतं. पण धूर? धूर आपला वर जातो, असं सगळेच धरून चालले होते. अर्जुनाही तेच धरून चालला. डाळिंबं जगली पाहिजेत, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

एके दिवशी सकाळपासून चाललेलं इंजिन भर दुपारी बंद पडलं. अर्जुनानं पाना घेतला. "आलोच बघून," असं मंगलला म्हणाला आणि पायऱ्या उतरला. थोड्या वेळानं पाना पाण्यात पडल्याचा आवाज आला. दुसरा काही आवाज आला नाही.

बिरदेवनं वाकून बघितलं. अर्जुना इंजिनाशेजारी ओंडक्यांवर आडवा पडलेला.

"दादा! ये दादा!"

आरडाओरडा ऐकून बाबा धावत आले, आणि काठावर येताच माघारी पळाले. मी दारातच टांगलेला होतो; मला वाटलं, भ्याले. पण ते मला न्यायला आले होते. भर उन्हात मला पेटवलं, दोर बांधला, आणि बिरदेव पायऱ्यांवर पाय टाकणार तोच ओरडले, "थांब! आधी कंदील! तो विझला तर खाली श्वासापुरती हवा नाही!"

मी खाली जाऊ लागलो. पारव्यांची घरटी मागं पडली. गारवा आला, मग जळक्या तेलाचा वास. माझी ज्योत बारीक होत गेली. मी जीव खाऊन तेल ओढलं. खरं सांगतो, मी काही उणं ठेवलं नाही. विझता विझता मला अर्जुनाचा चेहरा दिसला. त्याचे डोळे मिटलेले होते आणि ओठ हलत होते.

ते वरून कुणालाच दिसलं नसणार. मला दिसलं, आणि मला तोंड नाही.

"इजला! कंदील इजला!" वर कुणीतरी म्हणालं.

"वाऱ्यानं इजला आसंल," हरणाबाई म्हणाल्या. "पेटवा परत. बाबा, पाया पडते, पेटवा."

बाबांनी काडी ओढली. मला पुन्हा पेटवलं, पुन्हा सोडलं. मी तिथंच विझलो.

"बिरदेवा, जा रं! तुझा भाऊ हाय त्यो!" हरणाबाई ओरडल्या.

बिरदेव निघाला, तशी मंगलनं त्याच्या पायांना मिठी मारली. जिचा नवरा खाली पडला होता तीच त्याला सोडत नव्हती. "भावजी, तुमी गेलासा तर तुमीबी येनार न्हाई," एवढंच ती परत परत म्हणत होती. सासू तिच्या पाठीवर बुक्क्या मारत होती.

मग लिंबाचे डहाळे तोडून दोराला बांधले आणि वर-खाली, वर-खाली हलवले, आतली हवा ढवळावी म्हणून. वरून घागरीवर घागर पाणी फेकलं. ज्या पाण्यासाठी हे सगळं झालं, तेच पाणी पिंपं रिकामी करून आत ओतत होते. मधून मधून मला सोडायचे, नि मी विझायचो. प्रत्येक वेळी हरणाबाई माझ्याकडं अशा बघायच्या की वाटायचं, आपल्याला कुणी घडवलंच नसतं तर बरं झालं असतं.

शेवटी एकदाचा मी इंजिनापाशी जळत राहिलो. कमरेला दोर बांधून बिरदेव उतरला. माझ्याच उजेडात त्यानं भावाला उचललं. अर्जुनाचे ओठ तेव्हा हलत नव्हते.

बाराव्यानंतर हरणाबाई बाबांच्या उंबऱ्यात येऊन बसल्या. हातात ताक नव्हतं.

"बाबा, तुमच्या शास्त्रात खोलातनं हाक मारली की देव ऐकतो म्हनला हुतासा न्हवं?"

"हो, अक्का."

"माझ्या लेकानं हाकच मारली न्हाई. म्हनून ऐकलं न्हाई व्हय?"

बाबांनी समोरचं पुस्तक मिटलं. मी शेजारी जळत होतो. त्याचे ओठ हलत होते, माय, मी बघितलेत, असं मला ओरडून सांगायचं होतं. तो हाक मारत होता की नुसता श्वास ओढत होता, हे मलाही ठाऊक नाही. पण तेवढं तरी तिला मिळायला हवं होतं.

"तुम्ही मारलीत की, अक्का," बाबा शेवटी म्हणाले. "काठावरून."

"मग? ऐकली कुनी?"

बाबा रडू लागले. त्या शब्दाचा अर्थ त्यानंतर त्यांनी कुणालाच सांगितला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला या लिंबाला आणून टांगलं, बुडाशी काडेपेटी ठेवली, आणि येईल त्याला सांगत राहिले, "उतरायच्या आधी हा सोडत जा." आता ते थकलेत, फारसे इकडं येत नाहीत. माझ्या काचेला तडा गेलाय, पत्रा गंजलाय.

पलीकडच्या मळ्यात आकारामनं यंदा इंजिन विहिरीत उतरवलंय. काल ते बंद पडलं. तो माझ्या खालून गेला, वर बघितलं, म्हणाला, "ह्यॅ, आत्ता येतो की वर." काल तो वर आला. इंजिन आजही चाललंय, मला इथून त्याची धडधड ऐकू येते.

आकारामा, मला ओरडता येत नाही. इंजिन थांबलं की इथवर ये. काडी ओढ, दोर बांध, आणि आधी मला खाली जाऊ दे. मी विझलो तर मला पुन्हा पेटवता येतं, गड्या.