दरडीखालची सावली

"माणिक, तुझ्या बोलण्याला चव न्हाई रे."

गिऱ्हाईक पायरी उतरून गेल्यावर उदगीरच्या कापडदुकानात वडील म्हणाले होते. शाळकरी माणिकप्पानं खरं तेच सांगितलं होतं, की हे कापड पहिल्या धुण्यात विटतं. आता इंजिनिअर होऊन त्याचे केस पिकायला आले. पण त्याचं बोलणं अर्ध्यावर टाकून कुणी मान वळवली की तो आवाज कानात येऊन बसायचा.

लातूर नवा जिल्हा झाला आणि त्याच्या मागोमाग दुष्काळ आला. निलंग्याच्या अलीकडं रोजगार हमीतून पाझर तलावाचा बांध चालला होता. मुरूम शेजारच्या खाणीतला, मजुरी मापावर. खालचा थर मऊ म्हणून सगळे खालूनच उकरायचे. वरचा कठीण थर अधांतरी राहायचा. त्याखालच्या कपारीत काय ती सावली. बाकी माळावर झाडाचं पान नव्हतं. भाकरी सोडायला सगळे तिथंच.

"खालून उकरण्यास मनाई आहे. कपारीत बसण्यास मनाई आहे," माणिकप्पा रोज सांगायचा.

टोळीची पुढारीण नागुबाई पदरानं वारा घेत म्हणायची, "उन्हालाबी मनाई करा की, अप्पा!" आणि सगळी खाण हसायची.

मग उमरीकडून बदलून रामकिशन आला. पोस्ट माणिकप्पासारखीच, वय लहान. तो कपारीत बायांशेजारी उकिडवा बसला, वर बघितलं आणि जात्यावरच्या चालीत म्हणाला,

खालून उकरलं, सावली झाली गार
वरी निजला डोंगर, बाई, कूस बदलणार

बाया हसल्या. हसता हसता त्यांनी वर बघितलं, आणि हसू विरलं. नागुबाईनंच आधी गठुडं उचललं. त्या दिवसापासून उकरणं वरून सुरू झालं. जेवणं गेली ओढ्याकडच्या सरळ दरडीखाली, रामकिशननं दाखवलेल्या जागी.

माणिकप्पाला बरं वाटायला हवं होतं. पण आत वाळल्या तुरकाट्या पेटल्यागत काही तडतडत राहिलं. आपण एवढा घसा कोरडा केला तेव्हा ह्यांना कान नव्हते का?

एका सकाळी तो त्या सरळ दरडीच्या माथ्यावर गेला. कडेला धरून लांब भेग पडली होती. बोट आत गेलं. खाली रामकिशन उभा होता. माणिकप्पानं हाक मारायला तोंड उघडलं, आणि मिटलं. गाणाऱ्याला डोळेबी असतीलच की. कळू दे एकदा, चालीवर माती थांबत न्हाई. जेवणाआधी सांगू.

जेवणाची वेळ झाली. बांधावर छत्री धरून माणिकप्पा एकटाच डबा खात होता. समोर दरडीखाली नागुबाई रामकिशनच्या भाकरीवर ठेचा वाढत होती.

"घ्या सायेब, गळा मोकळा हुतोय."

आपल्याला कधी कुणी चिमूटभर मीठ दिलं न्हाई. त्यानं डबा बाजूला सारला. तेवढ्यात दरडीवरून ओंजळभर माती घरंगळून नागुबाईच्या खांद्यावर पडली. तिनं ती झटकली आणि बोलत राहिली.

छत्री तिथंच टाकून माणिकप्पा धावला.

"उठा! दरडीला भेग आहे! सर्वांनी तात्काळ..."

"आलं बगा मनाई खातं! दोन घास तर गिळू द्या, अप्पा," नागुबाई म्हणाली.

रामकिशनही हसून म्हणाला, "परवाच वर जाऊन आलो की मी. काही नव्हतं तिथं."

कुणी हललं नाही. माणिकप्पानं गोड शब्द शोधला. सापडला नाही.

"मी सकाळीच बघितली," तो म्हणाला, "आणि सांगितलं न्हाई."

नागुबाईचा हात तोंडाशी थांबला. तिनं त्याच्या तोंडाकडं बघितलं, मग भाकरी तशीच टाकून उठली. तिच्यामागं सगळे. रामकिशन शेवटी निघाला.

बांधावर पोचल्यावर धापा टाकत तिनं विचारलं, "का न्हाई सांगितलं, अप्पा?"

"ह्याचं तुम्ही ऐकता, माझं न्हाई," माणिकप्पा म्हणाला. "जळत होतो मी, नागुबाई. तुम्ही तिथं बसलाव, ह्ये दिसत असूनबी जळत होतो."