पुढच्या दारची पायरी

मी एक जुनी हातगाडी आहे आणि मला राग आलेला आहे. मित्रांनो, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे मध्येच कोणी दचकायला नको. सध्या माझ्या अंगावर फुलांच्या कुंड्या आहेत, मला निळा रंग फासला आहे आणि मँचेस्टरच्या ह्यूम भागातल्या एका नव्या इमारतीसमोर मला साखळीने बांधून ठेवले आहे. रविवारी शहरातल्या निरनिराळ्या वस्त्या पाहत फिरणारी मंडळी माझ्याजवळ थांबतात. त्यांना हिंडवणारा तरुण तोंड भरून सांगतो, "इथे पूर्वी नुसती घाण होती." हे ऐकले की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. मला पाय नाहीत, चाके आहेत, तरीही जाते.

घोडागाडीच्या मोडक्या फळ्यांतून एका सुताराने मला घडवले. माझा मालक वॉल्टर ग्रिमशॉ घरोघरच्या चिंध्या आणि भंगार गोळा करी आणि त्याच्या बदल्यात साबणाच्या वडीएवढा एक दगड देई. तो ओल्या पायरीवर घासला की पायरी उजळून निघे. तेव्हाची घरे रस्त्याला लागून, दारापुढे एकच दगडी पायरी, आणि बाईची अब्रू त्या पायरीवर ठरे. चुलीवर काही नसले तरी चाले, पायरी काळी राहून चालत नसे.

आम्ही कोणत्या भागात शिरलो हे कळायला मला पाटी लागत नसे. अँकोट्समधल्या इटालियन बायका पिवळसर दगड मागत आणि घासाघीस करताना असे हातवारे करत की मी आता उलटतेच असे वाटे. चीटम हिलला ज्यू शिंप्यांची घरे होती. तिथल्या चिंध्या इतक्या सुरेख असत की वॉल्टर गुणगुणू लागे, पण शनिवार हा त्यांचा पवित्र विश्रांतीचा वार, त्या दिवशी तिथे कोणी दार उघडत नसे. कॉलीहर्स्टच्या बायका पायरीच्या फक्त कडा पांढऱ्या करत. ह्यूमच्या बायकांचे मात्र तेवढ्याने भागत नसे. त्या अख्खी पायरी घासत आणि वर समोरची फरसबंदीही घासून काढत.

आज मला जिथे बांधले आहे, तिथेच ह्यूमची टॅनर गल्ली होती. तिथे डोरा शॉक्रॉस राहत असे. शेजारच्या घरात तिची आंधळी बहीण आयव्ही. आयव्हीला ती गल्ली हाताने पाठ होती. भिंतीवरून बोटे फिरवत ती एकटी पावाच्या दुकानात जाई, डोराकडे जाई, चर्चमध्ये जाई. अशात गल्ली पाडणार अशी आवई उठली. घरे राहण्याजोगी आहेत का, ते पाहायला नगरपालिकेचा एक साहेब येणार होता. गल्ली गेली तर आयव्हीचे चालणेफिरणेच जाणार, हे डोराला पक्के ठाऊक होते.

ती वॉल्टरला म्हणाली, "आहेत तेवढे सगळे दगड दे."

"आणि चिंध्या?"

"हा घे माझ्या नवऱ्याचा सदरा. फाटकाय म्हणू नकोस. तो मेला तेव्हा याच्यापेक्षा वाईट दिसत होता."

वॉल्टरने हसत मला रिकामे केले. साहेब येण्याच्या सकाळी गल्लीतल्या बायका गुडघ्यांवर बसल्या. आयव्हीही बोटांनी चाचपत आपली पायरी घासत होती. मग कोणी पायऱ्यांवर पाय देऊ नये म्हणून सगळ्या दाराआड उभ्या राहिल्या. दूधवाल्यालासुद्धा त्यांनी उडी मारायला लावली.

साहेब मागच्या बोळातून आला. तिथे सामाईक संडास होते, भिंतीतून पाणी झिरपत होते आणि कचऱ्याचे डबे भरून वाहत होते. वॉल्टर आणि मी तिथेच होतो. साहेबाने नाकाला रुमाल लावला, कुंपणावरून आत डोकावला आणि निघाला.

"साहेब, पुढून या की," वॉल्टर म्हणाला. "बायकांनी पायऱ्या बघा कशा केल्यात."

"पायरीवर कोणी राहतं का?" साहेब म्हणाला आणि मोटारीत बसला.

मित्रांनो, पाणी झिरपत होते, हे खोटे नाही. पण ते थांबवणे घरमालकाचे काम होते, आणि तो कधी फिरकत नसे. कचरा उचलणे साहेबाच्याच खात्याचे काम होते. दुसऱ्यांनी साठवलेल्या घाणीपायी आयव्हीचे घर गेले.

सामानाचा ट्रक दारात उभा असताना डोरा पुन्हा बादली घेऊन खाली बसली. वॉल्टरला राहवले नाही. "अगं बाई, उद्या पाडणारेत ती."

"म्हणून काय घाणेरडी सोडून जाऊ?"

डोराला शहराच्या एका टोकाला उंच इमारतीत खोल्या मिळाल्या आणि आयव्हीला दुसऱ्या टोकाला. दोघींनी एकत्र राहण्यासाठी जिवाचे रान केले, पण कोणी दाद दिली नाही. पुढे चिंध्या गोळा करत आम्ही आयव्हीच्या इमारतीखाली गेलो की वॉल्टर वर हाक मारी. ती खिडकीत येई, पण खाली कधीच आली नाही. तिथल्या भिंती तिच्या ओळखीच्या नव्हत्या.

मित्रांनो, माझ्या कुंड्यांना पाणी घातले नाही तरी चालेल, माझा रंग उडाला तरी चालेल. पण कोणाच्याही वस्तीला घाणेरडी म्हणण्याआधी ती घाण कोणी उचलायची होती, ते विचारा. आणि बघायला जाल तेव्हा पुढच्या दाराने जा. तिथे कोणीतरी पायरी घासून तुमची वाट पाहत असते.