उतरते पाणी

"पाणी उतरलं! तोफाज्जलभाई, पट्टी काय म्हणते ते जरा मोठ्यानं सांगा की!" होडीला डांबर फासत बसलेला शेजारी मोंताज ओरडला.

पाणी सकाळपेक्षा वीतभर खाली गेले होते, हे सत्य होते. ब्रह्मपुत्रेच्या काठी रोवलेल्या पट्टीवरील आकडा वाचून तो ढाक्याच्या कार्यालयास फोनवर कळविणे, हेच माझे आयुष्यभराचे काम. उतरता आकडा सांगताना मनास नेहमी समाधान लाभत असे. त्या दिवशी मात्र कार्यालयातील शिरीनआपांना तो आकडा पटेना.

"चाचा, नीट बघितलंत ना?"

"दोनदा बघितलं, आपा."

"उपग्रह सांगतोय, वरच्या अंगाला नदी फुगलीय. ते सगळं पाणी तुमच्यासमोरूनच जायला हवं. तुमची पट्टी खरी, उपग्रहही खरा. मग पाणी गेलं कुठं? तुमच्या चराच्या मागं ढग आहेत, मला तिथलं दिसत नाही. तुम्ही जाऊन बघा."

आमचा चर म्हणजे नदीच्या पोटातील वाळूचे बेट. त्याच्या मागच्या अंगास केवळ तागाची शेते. तेथे शिरताच पावलांना गारवा जाणवला. पावसाचे साचलेले पाणी असेल, अशी मनाची समजूत घालून मी तागाचे एक पान त्यावर टाकले. ते पान वस्तीच्या दिशेने चालू लागले.

नदीने मागून नवी वाट काढली होती.

धावत परतून मी सर्वांना सांगितले. मोंताज हसला. "समोर पाणी उतरतंय आणि हे म्हणतात पूर आला! गेल्या साली तुमच्या उपग्रहवाल्यांच्या नादानं घरं मोडून होड्यांत भरली. पूर आलाच नाही. आई माझी उघड्यावर भिजून गेली, भाई. आता नाही."

आमच्या चरावर अशा वेळी जिभेवर कोणी विश्वास ठेवीत नाही. सांगणाऱ्याने आधी स्वतःच्या छपराचा पत्रा उतरवला, तरच लोक हलतात. आणि माझी पत्नी जोबेदा नुकतीच तापातून उठली होती. तिच्या डोईवरील छप्पर मी कोणत्या तोंडाने काढावे?

तिने माझ्या मुद्रेकडे पाहिले. "पाना कुठं ठेवलाय?"

"चुकलं तर, जोबेदा?"

"तर शिव्या खाऊ. चढा वर."

मी छपरावर चढून पहिला बोल्ट सोडवला. पत्रा सरकला, घरात उजेड पडला. मोंताजने त्या उजेडाकडे पाहिले. "वाटोळं होवो तुमच्या पट्टीचं," असे पुटपुटून तो वळला. थोड्याच वेळात त्याच्या घरावरून हातोडीचे घाव ऐकू आले. मग त्याच्या पलीकडल्या घरावरून.

मोडलेल्या घरांनी होड्या भरल्या. मी हाका मारीत होतो, तरी जोबेदा येईना. चार खांबांमध्ये उरलेली उघडी जमीन ती झाडत होती. झाडत झाडत ती पाठमोरी अंगणात उतरली. तेवढ्यात मागल्या बाजूने पाणी आले आणि झाडूने ओढलेल्या रेघांमधून हळूहळू पुढे सरकू लागले.

तिने झाडू काखेत घेतला, डोईवरचा पदर सारखा केला आणि होडीकडे चालू लागली.