चौकटीत कोण नाही

शाळेच्या शेवटच्या वर्गाला मी जे शिकवते, त्याला वेळापत्रकात ‘युक्तिवाद परीक्षण’ असं भारदस्त नाव आहे. साध्या भाषेत सांगायचं तर, कुणी गोड बोलून आपल्याला काही पटवायला लागला की त्याचं बोलणं उसवून आतली शिवण कशी बघायची, हे मी शिकवते. आठवड्यातून तीन तास, तेही जेवणाच्या सुट्टीनंतर, म्हणजे अर्धा वर्ग पेंगत असतो. माझी पद्धत एकच. दाव्याखाली लाल रेघ मारायची, पुराव्याखाली निळी. आणि समासात पेन्सिलीने एक चौकट आखून तिच्यात लिहायचं, या गोष्टीत कोण नाही? पंचवीस वर्षं मी त्या चौकटीवर जीव टाकत आले आहे.

विषय दरवर्षी तोच, माणसं यशस्वी कशामुळे होतात. यावर भाषणांना तोटा नाही. यशस्वी माणसाला आपल्या यशाचं कारण पाठ असतं आणि फिरून फिरून ते कारण म्हणजे तो स्वतःच असतो. त्या वर्षी मी वर्गात लाकडी सामानाच्या कारखान्याच्या मालकांची पुस्तिका नेली. बत्तीस पानं, गुळगुळीत कागद, वर मालक हाताची घडी घालून उभे. पहिलंच वाक्य: ‘मी रोज पहाटे चारला उठतो, म्हणून मी आज इथे आहे.’ मुलांना ती नाहीतरी वाचायचीच होती. मालकांची संस्था दरवर्षी आमच्या शाळेतल्या एकाला पुढच्या शिक्षणासाठी घ्यायची, कॉलेजची फी आणि वसतिगृह सगळं त्यांच्याकडून. त्यासाठी याच पुस्तिकेवर निबंध लिहावा लागे.

“आमचा दूधवाला तीनला उठतो,” मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं. “तो अजून सायकलवरच आहे.”

वर्ग खो खो हसला. मीही हसले. तेवढ्यात पट्टीने हात वर केला. पट्टी म्हणजे आमच्या शाळेतल्या सुताराची मुलगी. पट्टीशिवाय एक रेघ मारायची नाही, म्हणून पोरांनी तिचं नाव पट्टी ठेवलं होतं. ती लाकडी पट्टी तिच्या वडिलांनी मोडक्या बाकाच्या फळीतून तासून दिली होती.

“बाई, चारला उठून ज्यांचं काहीच झालं नाही, त्यांना पुस्तिका काढायला कुणी सांगतच नाही. मग आपल्याला कळणार कसं, की हे उठल्यामुळेच झालं?”

खरं सांगते, अंगावर काटा आला. हे वाक्य मी न सांगता एखाद्या मुलाने आपणहून म्हणावं, याची मी किती वर्षं वाट बघत होते! मी भर वर्गात म्हणाले, “तुझ्यासारखं डोकं असलं ना, की तुला कुणी अडवू शकत नाही.” तिने मान खाली घातली आणि ते वाक्य वहीत उतरवून घेतलं. ती सगळंच उतरवून घ्यायची.

मालकांच्या संस्थेची ती जागा तिला मिळणं किती गरजेचं होतं, हे मला ठाऊक होतं. घरात मिळवता हात एकच, सुतारांचा, आणि त्या उजव्या हाताला बोटं तीनच. सुतार बाकं दुरुस्त करायचे, फळ्यांच्या चौकटी ठोकायचे, हातोडी धरताना राहिलेली तीन बोटं अशी काही वळवायचे की बघणाऱ्याला कमीपणा जाणवू नये. पूर्वी कुठल्याशा कारखान्यात होते, एवढं मला माहीत होतं. कुठल्या, ते मी कधी विचारलं नाही. आठ वर्षं आम्ही एकाच इमारतीत काम करत होतो.

निबंधाच्या आदल्या दिवशी ती जिन्यात भेटली.

“बाई, उद्या जे दिसतं ते लिहू, की जे लागतं ते?”

जे लागतं ते सगळ्या शाळेला तोंडपाठ होतं. गणिताचे सर आपल्या मुलांना शेवटची ओळसुद्धा सांगून ठेवायचे, ‘मीही उद्यापासून चारला उठेन.’ मी सरांची थट्टा करायचे. पट्टीला मी म्हणाले, “जे दिसतं ते लिही. मी काय शिकवलं मग?” बघा, तिच्या प्रश्नाच्या उत्तरात मी मध्येच माझं शिकवणं आणलं.

परीक्षेच्या हॉलमध्ये पर्यवेक्षक मीच होते. फेऱ्या मारताना तिच्या बाकाशी थांबले. पान सुरेख दिसत होतं. निबंधात तिने मालकांचीच वाक्यं उतरवून त्यांखाली लाल रेघा मारल्या होत्या, निळ्या जेमतेम दोन. आणि समासात, सवयीने, चौकट आखली होती. चौकटीत लिहिलं होतं: ‘माझे बाबा. बारा वर्षं चारला उठून याच कारखान्यात जात होते. करवतीत बोटं गेली, त्यानंतर त्यांना बोलावलं नाही. पुस्तिकेत लिहिलंय की कारखाना एकट्याने उभा केला.’

मी घड्याळाकडे पाहिलं. पंचवीस मिनिटं उरली होती. नवीन कागद द्यायचा, कानात म्हणायचं, बाळा, हे खरं आहे पण हे इथे नको, दुसरं लिही. तिने ऐकलं असतं. माझ्या शब्दाबाहेर ती कधीच नव्हती. पण मला त्या पानाचा मोह पडला. इतकं अचूक पान माझ्या हाताखालून पंचवीस वर्षांत गेलं नव्हतं. मी तिच्या पाठीवर थोपटलं आणि पुढे गेले.

जागा दुसऱ्याला मिळाली. निकालाच्या दिवशी गणिताचे सर म्हणाले, “अहो बाई, तिला कुणी सांगितलं नाही का, काय लिहायचं ते?”

“सांगितलं ना,” मी म्हणाले. “मीच सांगितलं.”

बक्षीस समारंभाला मालक स्वतः आले. वाईट माणूस नव्हता, हेच जास्त बोचतं. त्यांनी पट्टीला पुढे बोलावलं, डोक्यावर हात ठेवला. “पोरगी हुशार आहे, फक्त जरा नकारात्मक आहे. हरकत नाही, आम्ही मनात ठेवत नाही. पॅकिंग खात्यात घेतो हिला.” टाळ्या पडल्या. शेजारी तिचे बाबा उभे होते. मालकांनी त्यांच्याशी हात मिळवला, तीन बोटं हातात आली तरी त्यांना काही आठवलं नाही. सुतार “मेहरबानी साहेब” म्हणाले.

मी इकडेतिकडे फोन केले, ओळखी काढल्या, दोन संस्थांना पत्रं लिहिली. पुढच्या वर्षी बघू, असं सगळे म्हणाले. सुताराकडे पुढच्या वर्षापर्यंत थांबायची ऐपत नव्हती. एकदा ते माझ्या वर्गात बाकाचा पाय ठोकत होते. मला राहवलं नाही, मी म्हणाले, “चूक माझी आहे.”

“असं कसं बाई,” ते हातोडी न थांबवता म्हणाले. “तुम्ही सांगितलंत म्हणून तिनं लिहिलं. तुम्ही तिच्या वाइटाचं कशाला सांगाल?” याहून त्यांनी मला दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

कामावर रुजू व्हायच्या आधी पट्टी दाखला न्यायला आली. वही माझ्यासमोर उघडून धरली. माझंच वाक्य होतं: तुझ्यासारखं डोकं असलं की तुला कुणी अडवू शकत नाही. खाली पट्टीने मारलेली सरळ लाल रेघ.

“बाई, निळी कुठे मारू, ते सापडत नाहीये,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. शंका विचारायला आल्यासारखी ती उभी होती, उत्तराची वाट बघत. मी वहीची पानं उगाच मागेपुढे केली. पंचवीस वर्षांत माझ्या हाताखालून निघून पुढे गेलेलं एखादं मूल आठवावं म्हणून डोकं खाजवलं. जी आठवली, ती सगळी आधीपासून बऱ्या घरची होती. पट्टीने वही माझ्याकडून घेऊन पिशवीत टाकली आणि “येते बाई” म्हणून गेली.

यंदा पुस्तिकेची नवी आवृत्ती आली. शाळेने गठ्ठाच विकत घेतला, त्यामुळे वर्गात तीच घ्यावी लागली. एकोणतिसाव्या पानावर फोटो आहे. पॅकिंगच्या टेबलाशी पट्टी उभी आहे, हातात चिकटपट्टीचं रीळ, बाजूला रचलेले खोके. खाली मजकूर: ‘या मुलीने माझ्यावर टीका केली होती. मी तिला काम दिलं. आज ती रोज पहाटे चारला उठते. यशाचा रस्ता सगळ्यांना खुला आहे.’

वर्ग माना खाली घालून कामाला लागला. शेवटच्या वाक्याखाली लाल रेघा पडत गेल्या. पहिल्या बाकावरच्या मुलीने चौकट आखली, तिच्यात काय लिहावं याचा बराच विचार केला आणि ती तशीच कोरी सोडली. यात कुणी राहिलंय असं तिला वाटत नव्हतं, फोटोत कामगार मुलगीसुद्धा होती. मग तिने निळी पेन्सिल उचलून फोटोवर टेकवली.

“बाई, हा पुरावा ना? निळी मारू?”

तिला सांगायला माझ्याकडे पुष्कळ होतं. पण हिलाही वर्षअखेर तीच जागा हवी होती, हिच्याही घरी मिळवता हात एकच होता.

“मार,” मी म्हणाले.